न तोडलेल्या झाडांचा रकाना

वडनेरे बाई पहिल्यांदा आमच्या शाळेत आल्या आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर कचऱ्याचा डबा उपडा केला. अख्खा! त्यातून वेफर्सची पाकिटं निघाली, चहाचे प्लास्टिकचे कप निघाले आणि सगळ्यात शेवटी थर्माकोलचा एक भला मोठा ‘प्र’ निघाला.

“हा कुणाचा?” बाईंनी तो उचलून विचारलं.

तो माझा होता. मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो. ‘प्रदूषण टाळा’ ही अक्षरं मी दोन दिवस खपून थर्माकोलची कापली होती. पहिला ‘प्र’ बिघडला म्हणून डब्यात टाकला. बाकीचा उपदेश बाईंच्या डोक्यावर, भिंतीवर लटकत होता. बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

मोबाईल अजून साहेब लोकांच्याच खिशात होते तेव्हाची ही गोष्ट. नाशकात ‘हरित शाळा पुरस्कार’ सुरू झाला होता. शहरातल्या बड्या मंडळींची समिती, एक छापील फॉर्म, आणि शाळाशाळांतून फिरून गुण देणाऱ्या परीक्षक या वडनेरे बाई. निवृत्त शिक्षिका, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचा पेला. समोर सीलबंद बाटली आली की बाई ती बाजूला सारायच्या, मुलांच्या नळावर जाऊन पेला भरायच्या आणि मुख्याध्यापकांपुढे धरायच्या. “घ्या, आधी तुम्ही.” निम्मे मुख्याध्यापक तिथंच गारद व्हायचे.

कुणी फाईल उघडून फोटो दाखवायला लागलं की बाईंचं ठरलेलं वाक्य होतं, “दाखवू नका हो, मला बघू द्या.”

आणि बघायच्या तरी काय काय! परीक्षणाच्या आदल्या दिवशी शाळांच्या व्हरांड्यात एकाएकी बाग फुलायची. कुंड्या गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून मागून आणलेल्या. परीक्षण आटोपलं की त्याच टेम्पोतून पुढच्या शाळेत रवाना. बाईंनी पहिल्याच शाळेत गुपचूप प्रत्येक कुंडीच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पाचव्या शाळेत एक कुंडी वाकवून पाहिली, मग पामच्या झाडासमोर हात जोडून म्हणाल्या, “काय, कसं काय? प्रवास नीट झाला ना?”

तिथले मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाले, “झाडांना कळतं हो बाई सगळं.”

“कळतं ना! म्हणून तर चार शाळा फिरून बिचारं दमलंय.”

आमच्या शाळेला अर्थातच भोपळा मिळाला. पण आमचे मुख्याध्यापक चिकाटीचे. पुढच्या वर्षी त्यांनी मला समितीकडे मदतनीस म्हणून पाठवलं, बाईंचं मन वळवायला. वळवतोय कसला! वर्षभर एसटीनं त्यांच्या मागे हिंडलो आणि मीच फितूर झालो.

अशाच एका फेरीत आम्ही पेठच्या पलीकडच्या डोंगरात गेलो. दोन खोल्यांची शाळा. अर्ज वहीच्या पानावर आलेला. शिकवणारे भोये गुरुजी तिथलेच. शाळेमागे मोह, हिरडा, आंबा अशी सतरा जुनी झाडं, आणि मुलांचे वर्ग त्यांच्याखालीच भरलेले. पाढे झाडांवरून पडतायत असंच वाटत होतं.

बाईंनी फॉर्म उघडला. “झाडं किती लावली?”

“लावलं काय नाय बाई,” गुरुजी ओशाळून म्हणाले. “फक्त तोडू दिलं नाय.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. शाळेला कुंपणाची भिंत मंजूर झाली होती आणि ठेकेदाराला त्यासाठी सतराच्या सतरा झाडं आडवी करून हवी होती. भिंतीपेक्षा त्याचा डोळा लाकडावर होता. दोनदा गुरुजींनी त्याला परतवलं होतं, तिसऱ्यांदा जमेल याची खात्री नव्हती.

“पुरस्काराची पाटी लागली ना बाई, तर तो हात लावायचा नाय,” गुरुजी म्हणाले. “माणसाचं ऐकत नाय तो, पण पाटीला भितो.”

फॉर्मात न तोडलेल्या झाडांना रकानाच नव्हता. बाईंनी पिशवीतून पट्टी काढली, फॉर्म मांडीवर घेऊन एक नवा रकाना आखला, त्यात ‘न तोडलेली झाडे : सतरा’ असं लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी तो फॉर्म दोन बोटांत धरला. “बाई, हे नियमात नाही. लावलेली झाडं शून्य, गांडूळखत शून्य, प्रकल्पवही शून्य.”

“म्हणजे आधी ही सतरा तोडून मग चार रोपं लावली असती तर पास झाले असते ना हे?”

अध्यक्षांनी चहा मागवला. चहा झाल्यावर पहिला पुरस्कार त्याच फिरत्या कुंड्या यंदाही मांडणाऱ्या एका शाळेला ठरला आणि निकालाचा कागद सहीसाठी बाईंपुढे आला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. “माझी सही त्या कुंड्यांच्या बुडाला आहे, तिथं बघा. इथं मिळायची नाही.”

समितीला लगेच नवं रक्त हवंसं वाटायला लागलं आणि बाईंना आभाराचं पत्र गेलं.

आठवडाभरातच त्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गावर हजर. टॉवेलात गुंडाळलेली सागाची एक जाड फळी माझ्यापुढे ठेवली, एका बाजूनं घासून कोरी केलेली. “पेंटर, पाटी रंगवा. ‘हरित शाळा. येथील सतरा झाडे तोडू नयेत. हुकमावरून.’”

“कुणाच्या हुकमावरून?”

“माझ्या.”

मी उडालोच. थर्माकोलच्या एका अक्षरावरून मला घाम फोडणारी ही बाई चक्क बोगस पाटी लावायला निघाली होती!

“बाई, हे खोटं आहे.”

“गुण मी दिलेत ना? मग पुरस्कार खरा. करा सुरू.”

लाकूड बघायला म्हणून मी फळी उलटी केली आणि तसाच थांबलो. मागे तीन नावं कोरलेली होती. बाईंच्या यजमानांचं, बाईंचं आणि मुलाचं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा परदेशी गेला तो तिकडलाच झाला होता.

“अहो, ही तर तुमच्या फाटकावरची पाटी!”

“असू दे. तिथं वाचायला येतंय कोण? एक दूधवाला येतो, त्याला घर पाठ आहे.” बाईंनी ब्रश उचलून माझ्या हातात दिला. “तिकडं पन्नास पोरं रोज मोठ्यानं वाचतील.”

वर्षभर शेजारी बसून हिंडलो, पण संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर ही बाई कुणाकडे जाते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मान खाली घालून रंगवत राहिलो. इतकी सुबक अक्षरं मी त्याआधी काढली नव्हती आणि नंतरही नाही.

पाटीचा उपयोग झाला, हे सांगूनच टाकतो. ठेकेदार जीपमधून उतरला, ‘हुकमावरून’पाशी अडखळला आणि कुणाचा हुकूम ते विचारायची त्याची काही छाती झाली नाही. भिंत झाली ती झाडांना बाहेरून वळसा घालून.

पाटी बांधायला आम्ही दोघं गेलो होतो. गुरुजींनी ती पुढच्या मोहाला लावली, अक्षरं पोरांकडे आणि नावं खोडाकडे. पोरांनी एका सुरात वाचून काढली. बाईंनी त्यांना पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. गुरुजी दोरी ओढून करकचून गाठ मारायला लागले तसा बाईंनी त्यांचा हात धरला.

“सैल बांधा गुरुजी,” त्या म्हणाल्या. “वाढायचंय अजून त्याला.”