संगणक: आज शिल्लक नाही

"सर, संगणक हा विषय भाजून मिळतो की तळून?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून काय झालं, भर वर्गात असा प्रश्न विचारायला जिगर लागते. जिगर, तल्लख बुद्धी आणि घारीची नजर हे तिन्ही गुण अख्ख्या शाळेत एकाच व्यक्तीत एकवटले होते, असं खुद्द त्या व्यक्तीचं मत होतं. म्हणून तिने स्वतःला 'डिटेक्टिव्ह घार' असं नाव दिलं होतं. तिची मदतनीस चिमटी मात्र तिला 'ए' म्हणायची.

सर हसले नाहीत. कारण शाळेच्या वेबसाइटवर 'विषय/संगणक' उघडलं की खरंच उमटायचं, 'विषय: संगणक. आज शिल्लक नाही. उद्या या.' शेजारी सँडविचचा फोटो! उद्या? विषय निवडायची मुदत आजच संपत होती. जो निवडणार नाही त्याच्या गळ्यात आपोआप कॉमर्स. घारीच्या बाबांना तेच हवं होतं. घारीला मुळीच नको होतं.

"कॉमर्सच्या मॅडमचा कट आहे," ती चिमटीच्या कानात पुटपुटली.

"अगं, 'विषय/कॉमर्स'पण शिल्लक नाहीये."

"संशय येऊ नये म्हणून! काय थंड डोक्याची बाई आहे!"

"'निकाल/नववी'सुद्धा संपलाय."

"मग गणिताचे सरही सामील."

मधल्या सुट्टीपर्यंत शिपाईमामांपासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळे कटात आले होते. घारीने संगणकाच्या सरांचा माउस हुंगला. "तेल! कँटीनचा माणूस इथे येऊन गेलाय!"

"ते माझ्या डब्यातलं आहे," सर म्हणाले.

इतक्यात चिमटी सँडविच चावत आली. "सर, कँटीनच्या काकूंनी थँक्यू सांगितलंय. त्यांचं सगळ्यात वर घेतलंत म्हणून."

सरांनी कपाळावर हात मारला. त्यांनीच बनवलेली वेबसाइट कुठलाही पत्ता तिरप्या रेघेवर तोडते, त्याचे तुकडे वरून खाली एकेका नियमाशी जुळवते आणि जो पहिला जुळेल त्याच्याच मागे जाते. काकूंकडे प्रकार आणि पदार्थ दोन्ही रोज बदलतात, म्हणून सरांनी त्यांचा नियम ठेवला होता 'काहीही/काहीही'. काकूंना वेबसाइटच्या पानावर वरची जागा हवी होती; सरांनी घाईत नियमच उचलून सगळ्यांच्या डोक्यावर बसवला. मग काय, दोन तुकड्यांचा जो पत्ता येईल तो थेट काकूंच्या काउंटरवर!

"म्हणजे कट नाही?" घारीचा चेहरा एवढासा झाला.

"नाही. सँडविच आहे. खातेस?"

सरांनी तो नियम तळाला ढकलला. विषयांचं पान उघडलं. घारीने 'संगणक'चं बटण दाबलं, आणि मग अख्खी शाळा ऐकेल अशी किंचाळली.

संध्याकाळी दारातूनच, चपला पायात असतानाच तिने जाहीर केलं, "आई, बाबा, मी संगणक घेतलाय!"

बाबांनी चष्मा वर केला. "आणि कॉमर्स?"

"आज शिल्लक नाही, बाबा."