नरसय्या काकांच्या मशीनचा डावा पाय

नरसय्या काका स्क्रूड्रायव्हरने ऐकतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा वर करायचा. पंजा वर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोललंच, तर ते तेलुगूत म्हणतात, "आगू." थांब. आणि मग मराठीत, "आधी ऐक." गल्लीतले मिक्सर, शिलाई मशीनं, पाण्याच्या मोटरी, माझी स्कूटर, सगळ्यांची नाडी त्यांनी अशीच पाहिली आहे. एकदा माझी मावशी म्हणाली की तिचे गुडघे वाजतात, तेव्हा काकांचा हात खिशाकडे गेला. मावशी उठून आत गेली.

सोलापूरच्या पूर्व भागात आमची घरं समोरासमोर आहेत. काकांनी सगळी नोकरी पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून केली. माग बिघडला की तो चालता करायचा, हे जॉबरचं काम. माणसांचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागतं, पण तीन घरं पलीकडे पंख्याचं बेअरिंग घासायला लागलं तर ते जेवण अर्धं टाकून उठतात. एका दुपारी ते हात न धुताच आमच्या दारात आले आणि म्हणाले, "तुमचा पंखा रडतोय. तुमाला झोप कशी लागती?"

अशा माणसाच्या घरी दोन टबांचं एक वॉशिंग मशीन आहे. ते वयाने माझ्यापेक्षा मोठं आहे, म्हणून मी मनातल्या मनात त्याला अहोजाहो करते. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. कपडे पिळणाऱ्या टबाचा ब्रेक झिजला, तर काकांनी सायकलच्या ब्रेकचं रबर कापून बसवलं. टायमरची मूठ तुटली, तर मागाचा एक लाकडी तुकडा तासून लावला. पत्रा गंजला, तेव्हा दाराचा उरलेला हिरवा रंग त्याला दिला. नवखा पाहुणा त्यालाही दारच समजतो.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी काका भोकाचं बनियन घालून मशीनसमोर उभे राहतात. आधी पांढरे कपडे, त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत, त्यातच टॉवेल, आणि शेवटी ते पाणी पिंपात साठवून त्याने अंगण धुवायचं. एका पाण्याला इतके जन्म मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील कामगार संघटनेत होते. घरात रद्दी नव्हती, होती ती सगळी निवेदनं. त्यामुळे काकांचं मशीन हे मला साधं मशीन वाटतच नव्हतं. जी वस्तू तुम्हाला उघडता येत नाही ती तुमची नाही, असं मी आजही मानते. त्या मशीनकडे पाहून मी एक पत्रक लिहिलं, 'दुरुस्ती हा आपला हक्क आहे', आणि पहिली प्रत काकांना दिली. त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "कागद चांगला हाय. जाड हाय."

त्या मशीनमध्ये एकच खोट होती. ते चालू झालं की पुढच्या डाव्या पायावर आपटायचं. खट-धप्प, खट-धप्प. फरशी हलायची, फडताळातली भांडी थरथरायची. गल्लीतले विचारायचे, "काय जॉबरसाहेब, लोकांचे पंखे नीट करता, आपल्या घरचा लंगडा कधी नीट करणार?" काका म्हणायचे, "बघू की." वर्षानुवर्षं हेच, बघू की. मी मनातल्या मनात त्यांना माफ केलं होतं. लढणारा माणूसही कुठेतरी थकतो.

मग पुण्याहून श्रीनिवासचा, त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याने नवीन मशीन घेतलं होतं. रविवारी टेम्पो येणार, नवीन ठेवणार, जुनं घेऊन जाणार. "पप्पा, तो आवाज मला फोनवरसुद्धा ऐकू येतो," तो म्हणाला. "घर हलतंय. किती दिवस काढणार असं?" काका म्हणाले, "आगू." पुढचं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही. त्यानंतर दोन दिवस मी त्यांना मशीनशेजारी स्टुलावर बसलेलं पाहिलं. स्क्रूड्रायव्हर कानाला होता आणि मशीन बंद होतं.

मी गेले आणि म्हणाले, "काका, आपण लढू."

"कुणाशी?"

"त्या नवीन मशीनवाल्यांशी."

"पाठवणारा माझा मुलगा हाय गं, पत्रकवाली."

शुक्रवारी पाणी आलं. काकांनी मशीन सुरू केलं आणि टाकीचा कॉक बघायला ते गच्चीवर गेले. लक्ष्मीकाकू, म्हणजे त्यांची बायको, नेहमीसारखी मशीनशेजारी जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी विचार केला, श्रीनिवासची तक्रार आवाजाची आहे. आवाजच संपला तर टेम्पो कशाला येईल? पिशवीतून पत्रक काढलं, आठपदरी घडी घातली, मशीन जरा तिरकं करून डाव्या पायाखाली सरकवलं. खटखट थांबली. फक्त पाण्याची सळसळ राहिली. इतक्या वर्षांत माझ्या पत्रकाने इतक्या लवकर काम केल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

काकूची बोटं थांबली. तिने वर पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. मग फरशीवर पंजा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "एमंडी, मिशन आगिंदी." अहो, मशीन थांबलं.

"थांबलं नाही काकू, चालू आहे," मी म्हणाले. तिची माझ्याकडे पाठ होती. मी आणखी मोठ्याने म्हणाले. ती वळली नाही.

काका खाली आले. त्यांनी काकूकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग वाकून कागद ओढून काढला. खट-धप्प. काकूने पुन्हा फरशीला हात लावला, मान हलवली आणि पुढचं पान उचललं.

काकांनी मला ओट्यावर नेलं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला होती ती. कान तितंच राहिले. लूमवाल्यांना ओठ वाचायची सवय असती, म्हणून कुणाला कळत न्हाय. आपल्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात." त्यांनी पत्रकाची घडी उलगडली. "जमीन हलली की तिला कळतं, मशीन चालू हाय, घर चालू हाय. मी वर असलो तरी हितंच कुटंतरी हाय. थांबलं की घाबरती."

"म्हणजे तो डावा पाय..."

"मीच कापला. करवतीनं. दोनदा मापून." चेहऱ्यावर जॉबरचा अभिमान होता.

"मग श्रीनिवासला सांगत का नाही?"

"सांगितलं तर पुण्याला नेईल. तितं सातव्या मजल्यावर राहतो तो. तितं कुठली जमीन हलती?"

माझ्याकडे भाषण तयार होतं. त्यातलं एकही वाक्य इथे बसत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "काका, पण त्याने आधी ऐकायला तर पाहिजे ना? तुम्हीच म्हणता."

त्यांनी पत्रकाची घडी पुन्हा घातली. मग फोन लावला. "श्रीनिवास, आईला ऐकू येत नाही. लई दिवस झाले. फोनवर ती नुसतं 'बरं हाय, जेवलास का' म्हणते, कारण तू काय बोलतोस ते तिला कळत न्हाय. मशीन बिघडलेलं न्हाय. पाय मी कापलाय." मग फोन कानाला दाबून, डोळे मिटून, दुसरा पंजा वर करून ते ऐकत राहिले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"रविवारी येतो म्हणाला." त्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं. "म्हटलं होतं ना, जाड हाय. चांगलं बसलं होतं."

रविवारी मी टेम्पो अडवायला सकाळपासून ओट्यावर उभी होते. रिक्षा आली. श्रीनिवास एकटाच उतरला, हातात एक पिशवी. बूट काढले आणि सरळ आईशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. काकांनी शुक्रवारचं एक पिंप खास राखून ठेवलं होतं. त्यांनी टब भरला, चार टॉवेल टाकले, टायमर फिरवला.

खट-धप्प. श्रीनिवासने फरशीवर हात ठेवला. काकूने तो हात मनगटाला धरून उचलला आणि दोन फरश्या अलीकडे ठेवला. जिथे नीट लागतं तिथे.

टायमर अर्ध्यावर आला. मग श्रीनिवासने मान वर केली. "पप्पा, इथे हादरा थोडा कमी येतोय. पाय अजून सूतभर कापू का?"

काकांनी स्क्रूड्रायव्हर हिरव्या पत्र्याला लावला होता, डोळे मिटले होते, पंजा वर होता.

"आगू," ते म्हणाले. "आधी ऐक."