बाईंच्या बागेतलं स्टूल

काकूंचे गुडघे बागेच्या फाटकापाशीच कुरकुरायला लागले होते. पण आज गुडघ्यांचं ऐकायचं नाही, असं त्यांनी घरीच ठरवलं होतं. कापडाच्या दुकानात त्यांनी एकवीस वर्षं काढली, त्यातली पहिली अकरा उभ्यानं. गिऱ्हाईक असो नसो, विक्रेतीनं बसायचं नाही, असा मालकाचा दंडक. मग कामगार संघटनेच्या बाईंनी विक्रेत्यांचा मोर्चा काढला, दोनदा तुरुंगात गेल्या, आणि दुकानादुकानांत स्टुलं आली. त्याच बाईंच्या नावानं आता नगरपालिकेनं बाग केली होती. बाईंच्या पुतळ्याशेजारी मांडलं होतं ते पहिलं स्टूल, म्हणजे काकूंचंच. त्यावर एकदा टेकायचं, एवढ्यासाठी त्या सुनेला घेऊन आल्या होत्या.

स्टुलाभोवती दोरी होती. दोरीला पाटी, 'बसू नये'. पाटीशेजारी पन्नाशीतला रखवालदार.

काकूंनी पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, दोरी उचलली आणि बसल्या.

"आई, अहो, पाटी आहे," सून म्हणाली.

"पाटी आत्ताची आहे. स्टूल आधीचं."

रखवालदारानं शिट्टी फुंकली. काकू हलल्या नाहीत, माणसं मात्र गोळा झाली. इथे आळीपाळीनं बसायला मिळतंय, असं वाटून काकूंमागे रांगही लागली. रांग पाहून बागेचे साहेब धावत आले. ही वस्तू ऐतिहासिक आहे, असं त्यांनी बजावलं. मीही आहे, असं काकूंनी सांगितलं. पुरावा काय, असं साहेबांनी विचारलं. त्यावर काकू म्हणाल्या, डाव्या पायाला खिळा वर आलाय, त्यावर निळी चिंधी आहे, तीनदा कपडे फाटल्यावर मीच बांधली. साहेब वाकले. चिंधी होती, पण विरली होती. खिळ्यात अडकून साहेबांची बाही टरकली, तेव्हा त्यांची खात्री पटली.

साहेब नरमले. काकूंनी मानानं उठावं म्हणून त्यांनी कचेरीतून प्लास्टिकची खुर्ची मागवली. काकू उठल्या खऱ्या, पण खुर्चीवर बसेनात. त्यांचं लक्ष रखवालदाराच्या पायांकडे गेलं होतं. तो थोडा वेळ डाव्या पायावर भार टाकायचा, थोडा वेळ उजव्या. अकरा वर्षं त्यांनीही तेच केलं होतं.

"कधीपासून उभे आहात, भाऊ?"

"सकाळी सातपासून. ड्यूटीवर बसायची परवानगी नाही."

"बाईंच्या बागेत?"

रखवालदारानं चोरट्या नजरेनं पुतळ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, मग अख्ख्या रांगेनं पाहिलं.

खुर्ची इथेच राहू दे, यांना बसायला, असं काकू म्हणाल्या. एवढ्या माणसांसमोर साहेब नाही कसं म्हणणार? रखवालदार अंग चोरून बसला, मग हळूहळू त्यानं पाय लांब केले आणि डोळे मिटले. परतताना गुडघे एकदाही कुरकुरले नाहीत, असं काकूंनी सुनेला दोनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी काकू मुद्दाम पाहायला गेल्या. खुर्ची तिथेच होती. खुर्चीभोवती कोरी दोरी होती, दोरीला पाटी होती, आणि स्टूल नि खुर्ची यांच्यामध्ये रखवालदार उभा होता.

"साहेबांनी वर कळवलं होतं," तो ओशाळून म्हणाला. "वरून उत्तर आलं, पुतळ्याशेजारी ठेवलेली वस्तू म्हणजे स्मारकाचा भाग. आता दोन्ही मलाच सांभाळायच्यात."

सुनेनं कपाळाला हात लावला. काकूंनी हातातली पिशवी तिच्याकडे दिली, कोरी दोरी उचलली आणि खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

"भाऊ, तुम्ही माझ्या स्टुलावर बसा. खिळ्याला जपा. आणि शिट्टी जरा जोरात फुंका, साहेबांची कचेरी लांब आहे."

रखवालदारानं एकदा पुतळ्याकडे पाहिलं. मग तो बसला, आणि बसूनच त्यानं शिट्टी फुंकली.