फोन महिपतीच्या हातात उजळतो

आमच्या गल्लीत माझ्या फोनइतकी कुणाच्याच फोनची बॅटरी टिकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुपारचे चार वाजले की भवानी पेठेतली निम्मी माणसं चार्जर शोधत फिरतात, बाळंतिणीसाठी सुईण शोधावी तशी. माझा फोन मात्र सोमवारी सकाळी चार्ज केला की बुधवारी दुपारपर्यंत बघायचं काम नाही. लोक विचारायचे, "सिद्धलिंगप्पा, करता काय तुम्ही?" मी म्हणायचो, "वस्तू नीट वापरली की टिकते." आणि मान ताठ करून पुढं जायचो.

चौतीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात माल तपासला आहे. एक धागा सुटलेला असला तरी मला दहा फुटांवरून दिसायचा. म्हणून पुढं जे सांगतो आहे ते म्हाताऱ्याची नजर गेली म्हणून सोडून देऊ नका.

माझी बायको नागव्वा जाऊन सव्वा वर्ष झालं. भिंतीवर तिचा फोटो आहे, पण तो आधार कार्डावरून मोठा केलेला. रेशनवाल्यानं मापात मारल्यावर बघावं तशी ती त्यात बघते. चांगला फोटो एकच, तो माझ्या फोनमध्ये. आमची मुलगी शिवलीला अकलूजला दिली आहे. तिनं तो फोटो फोन हातात घेतला की लगेच दिसेल असा लावून दिला. त्यात नागव्वा पोटभर हसते आहे. दात दिसतात, डोळे बारीक झाले आहेत, पदर घसरला आहे तरी लक्ष नाही.

अडचण एवढीच, की तो फोटो मी काढलेला नाही. तो महिपतीनं काढला आहे.

महिपती मूळचा मंगळवेढ्याकडचा. आमच्या कोपऱ्यावर ऑटो लावतो. नागव्वा दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्याच्याच ऑटोतून डायलिसिसला जायची. मी बरोबर असायचो. पण मी आत औषधांच्या रांगेत, आणि ती बाहेर ऑटोत. तो तिला अक्का म्हणायचा, मला दाजी म्हणतो. म्हणायला काय लागतं? तर मी रांगेत असताना एकदा माझा फोन तिच्याकडं राहिला आणि यानं फोटो काढला. बेचाळीस वर्षं संसार केला. मी काढलेल्या एकाही फोटोत ती हसताना दिसत नाही. आणि ऑटोवाल्यासमोर एवढी हसली. काय बोलला असेल हा? विचारायची लाज वाटायची, आणि न विचारता भाकरी घशाखाली उतरायची नाही.

असं असताना तो दिवस आला.

रोज सकाळी अंघोळ झाली, पूजा झाली, स्वतःला विभूती लावली की मी नागव्वाला लावतो. भिंतीवरच्या नाही, फोनमधल्या. तीन बोटं ओढून कपाळावर ठळक पट्टे. फोटो मोठा आहे, त्यामुळं कपाळ बरोबर काचेच्या वरच्या कडेला येतं. मग मी बाहेर कट्ट्यावर बसून तिच्याकडं बघतो. त्या दिवशी महिपती आला आणि म्हणाला, "बगू की दाजी, अक्काला."

मी नाइलाजानं फोन दिला. ऑटोवाल्याला सवय असते, हातात काही आलं की पुसायचं. त्यानं खांद्यावरचं फडकं काचेवर फिरवलं आणि बघत राहिला. मी त्याच्या शेजारून बघत होतो.

नागव्वाचा चेहरा उजळला.

हळूहळू उजळला, स्टँडवरच्या गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर उजळतो तसा. माझ्या हातात होती तेव्हा काळवंडलेली होती. त्याच्या हातात गेली आणि गालावर तेज आलं. मी फोन ओढून घेतला, घरात गेलो, पुसली गेलेली विभूती पुन्हा लावली. चेहरा परत पडला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी दाढी करून बसलो. इस्त्रीचा सदरा घातला. तिच्याशी कानडीत गोड बोललो, जे मी ती असताना फारसं केलं नव्हतं. काही उपयोग नाही. मला वाटलं सेवेत कमी पडतोय, म्हणून विभूती दुप्पट लावली. ती आणखी काळी झाली. तिप्पट लावली तर तिचे फक्त दात दिसायला लागले.

शेजारच्या अंबुबाईंच्या हातात देऊन बघितलं. त्यांनी फोन कपाळाला लावला, नमस्कार केला आणि विभूतीवर कुंकवाचं बोट ठेवलं. जे दात दिसत होते तेही गेले. म्हणजे बाईमाणसाला उजळत नाही, नवऱ्याला उजळत नाही. उजळते ती एकट्या महिपतीला.

शेवटी मी शिवलीलाला फोन लावला. मुलीशी असलं बोलायचं म्हणजे जीभ जड होते, पण बोललो.

"तुझ्या आईचा फोटो मी धरला की अंधारतो. महिपतीनं धरला की उजळतो."

ती भाकऱ्या करत असावी, थापण्याचा आवाज येत होता. म्हणाली, "ऑटोमुळं होतंय ते, अप्पा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतंय की. आईलापण त्या ऑटोचा लई त्रास व्हायचा. सारखं कमी-जास्त, कमी-जास्त. मीच बंद करून दिला होता."

"कधीपासून चालू होतं हे?"

"पहिल्यापासनंच चालू असतंय अप्पा, आपल्याला कळत नाही. तुम्ही आधी ऑटो बंद करा, मग बघा आई कशी उजळती ती." मागं कुकरची शिट्टी झाली आणि ती गेली.

मी चपला न घालता कोपऱ्यावर गेलो. महिपतीच्या ऑटोत मायाक्का भाजीच्या दोन पाट्या घेऊन बसली होती. इंजिन चालू होतं.

"ऑटो बंद कर," मी म्हणालो.

त्यानं किल्ली फिरवली. "केला. बोला दाजी."

"असा नाही. कायमचा."

"का?"

"शिवलीलानं सांगितलंय."

मायाक्का आतून म्हणाली, "अकलूजात बसून ती हितला ऑटो बंद करती व्हय? आरटीओत लागली का काय?"

"तुम्ही मधे बोलू नका."

"मी मधे न्हाय, मी मागं बसलीया. माझी मेथी सुकाय लागली."

आणखी तीन ऑटोवाले जमले. महिपती खाली उतरला. "दाजी, झालं काय? नीट सांगा की."

मग मी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडलोच. तुझ्या ऑटोचा नागव्वाला त्रास होता. कमी-जास्त चालायचं. मुलीलाही माहीत होतं. आणि तरी तुझ्या हातात गेली की तिचा चेहरा उजळतो, याचा अर्थ काय घ्यायचा मी?

कुणी हसलं नाही. महिपतीचं तोंड एवढंसं झालं.

"अक्काला तरास होता?" तो म्हणाला. "दोन वर्सं नेली म्या अक्काला. एक खड्डा लागू दिला न्हाय. येताना तिला मळमळायचं म्हणून बैलगाडीगत चालवायचो, मागची पोरं शिव्या द्यायची. मला एका शब्दानं बोलली न्हाय ती." त्यानं ऑटोची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "घ्या. अक्काला तरास झालेल्या ऑटोवर मी पोट न्हाय भरत."

आता मला सांगा, भरल्या बाजाराच्या वेळेला एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याच्या ऑटोची किल्ली घेऊन माणसानं काय करायचं? मायाक्का म्हणाली, "पोरीला फोन लावा आनि सगळ्यांना ऐकवा. मगच मी उतरनार."

मी लावला. आवाज मोठा केला. "शिवलीला, महिपतीच्या ऑटोचा तुझ्या आईला नेमका काय त्रास होता, ते सांग."

मग ती म्हणाली, "महिपतीमामाचा ऑटो कुठनं आला मधे?"

"तूच म्हणालीस, ऑटो बंद करा."

"अहो अप्पा, फोनमधला ऑटो! बाहेरच्या उजेडाप्रमाणं फोन आपला आपण उजेड कमी-जास्त करतो, त्याला ऑटो म्हणतात. आईचे डोळे दुखायचे त्यानं, म्हणून तिच्या फोनमधला मी बंद करून दिला होता."

तीन ऑटोवाल्यांनी माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मी हार मानली नाही. "मग माझ्या हातात अंधार आणि त्याच्या हातात उजेड, ते का?"

"फोनच्या वरच्या कडेला बारीक डोळा असतो. त्यानं तो उजेड बघतो. तुमच्या फोनवर तिथं काही चिकटलंय का?"

मायाक्कानं मान पुढं काढून बघितलं. "चिकटलंय म्हंजे काय बाई, पोतंभर विभूती हाय. वर कुंकू बी हाय."

रोज सकाळी अंघोळ करून, मनोभावे, मी फोनचा डोळा लिंपत होतो. त्याला वाटत होतं अंधार पडला. आणि महिपती येऊन फडक्यानं तो डोळा उघडत होता. तीन दिवस टिकणारी बॅटरीही त्यामुळंच. फोन बिचारा मिणमिणता जळत होता, संपणार कशी?

शिवलीलानं ऑटो कसा बंद करायचा आणि उजेड पूर्ण कसा लावायचा ते सांगितलं. महिपतीनं ते करून दिलं. मी त्याची किल्ली परत दिली. माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून वेगळंच आलं.

"फोटो काढताना तू तिला काय बोलला होतास?"

"मी? काय न्हाय. अक्का म्हनली, फोटू काड. मी म्हनलं, दाजींना येऊ द्या की, तेच काडतील. तर म्हनली, नको रे यप्पा, ते काडत्यात तवा माझ्यापेक्षा त्यांचा अंगठाच जास्त येतोय. आनि हसाय लागली, थांबंना. तेवढ्यात म्या दाबलं."

मायाक्काची मेथी शेवटी बाजाराला गेली आणि मी घरी आलो.

मी काढलेले तिचे फोटो फोनमध्ये होते. मी ते फारसे बघत नव्हतो. ती हसत नाही, बघून काय करायचं? शिवाय सगळ्यांत खालच्या बाजूला काहीतरी काळपट असायचं, मला ती सावली वाटायची. आज पूर्ण उजेडात उघडले. सावली नव्हती. अंगठा होता. पहिल्या फोटोत देवळासमोर नागव्वा, नाकापासून खाली अंगठा. दुसऱ्यात भाच्याच्या लग्नात नागव्वा, हनुवटी आणि ओठ अंगठ्याखाली. तिसऱ्यात शिवलीलाच्या दारात, तसंच. वर फक्त डोळे दिसत होते. बारीक झालेले, कडेला सुरकुत्या.

तोंड मिटलेल्या माणसाचे डोळे असे नसतात.

एकेक फोटो मोठा करून, अर्धा अर्धा तास बघत बसलो. पाचव्याला पोचलो आणि फोन बंद पडला. दुपारचे दोन वाजले होते. पूर्ण उजेडात बॅटरी सकाळभरही टिकत नाही, हे मलाही आता कळलं आहे.

फोन चार्जिंगला लावला आहे, तोवर हे लिहून काढलं. अजून सात फोटो बघायचे आहेत. महिपतीनं बाहेरून दोनदा हाक मारली, "दाजी, अक्का दिसती का नीट?" मी ओ दिली नाही. आमचं दोघांचं चाललं आहे, मधे त्याचं काय काम?