एकोणीस मिनिटांचं दूध

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची. एवढं सगळं एका माणसात असणं बरं नव्हे, असं माझी बायको वृंदा म्हणते. मी बाळ टिपणीस, मुक्काम वरसे, रोहे. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर गुप्तहेर झालो. आजवर अकरा प्रकरणं हाती घेतली. त्यांतली नऊ आपोआप सुटली, आणि उरलेल्या दोनांत संशयित मीच निघालो.

बारावं प्रकरण घरातच उगवलं. माझी पुतणी सावनी मुंबईला संशोधन करते; सध्या सुट्टीत आमच्याकडे आली होती. बँकेच्या कार्डात नखाएवढी चिप असते, आणि तिच्या पोटात एक गुप्त किल्ली, म्हणजे लांबलचक आकडा. चिपनं काम झटपट करावं, पण किल्ली कुणाला कळू देऊ नये, हा सावनीचा विषय. तिनं तशी एक चिप तयार केली आणि गेल्या रविवारी पेणच्या एसटी स्टँडवर तिच्याच प्रयोगशाळेतल्या प्रणितला दिली. म्हणाली, "काढ बघू किल्ली." तिथून जवळच जोह्याला घरी पोचून प्रणितनं चहा संपायच्या आत आकडा मेसेज केला.

"सोमवारी सरांसमोर हाच प्रयोग आहे, काका," सावनी रडवेली झाली होती. "पुन्हा किल्ली निघाली तर शिष्यवृत्ती बंद. तीन वर्षं पाण्यात."

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "घरात फितूर आहे."

पहिला संशय विमलबाईंवर. भाकऱ्या करायला येतात आणि तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटतात. मी दाराआड उभा राहून सगळे आकडे टिपून घेतले. त्या भाकऱ्याच मोजत होत्या.

"वैनी गो," त्यांनी हाक मारली, "सायेब दारामागं कशाला उभं हायत?"

दुसरा संशय कॅलेंडरवर. किल्ली मागे लिहिलेली असणार म्हणून मी ते ओढलं, तर खिळ्यासकट भिंतीचा पोपडा हातात आला. आकडाही मिळाला, पण तो गॅसवाल्याचा निघाला.

"काका, सहाशे आकडी किल्ली कॅलेंडरमागे कोण लिहील?" सावनी म्हणाली.

उरला प्रणित. शुक्रवारी वेषांतर करून, म्हणजे टोपी घालून, मी वडखळवरून पेण आणि तिथून जोहे गाठलं. प्रणितच्या घरचा गणपतींचा कारखाना. तो एका मूर्तीचे डोळे आखत बसला होता. मी गिऱ्हाईक असल्याचं नाटक केलं. ते इतकं वठलं की चार फुटी गणपती ठरवून बसलो.

"तुमी सावनीचे काका ना?" त्यानं ब्रश न थांबवता विचारलं. "टोपीवर रोह्याच्या शाळेचं नाव हाय."

"किल्ली तुला कुणी सांगितली?" मी गरजलो.

"कुणी नाय. चिपच सांगते, मी नुसता बघतो. बाकी सोमवारपर्यंत बोलायचं नाय, सरांनी बजावलंय."

घरी येऊन हा स्फोटक पुरावा मी मांडला. "ते मलाही माहीत आहे," सावनीनं कपाळाला हात लावला. "चिपचं काहीतरी वागणं किल्ली फोडतंय. कुठलं, तेच सापडत नाहीये." वृंदानं विचारलं, "चार फुटी गणपती फूटभर मखरात कसा बसवायचा?" मी टोपी काढून खुंटीला अडकवली.

शनिवारी सकाळी दूध घेऊन आलो. वृंदा पाठमोरी, पोळी लाटत होती.

"किती खाल्ल्यात जिलब्या?"

मी हादरलो. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हणून मिशी पुसून, वेलदोडा चघळून आलो होतो. "दाजी हलवायानं सांगितलं ना? तोच फितूर! सावनीची किल्लीसुद्धा त्यानंच..."

"अहो, कुणी नाही सांगितलं. दूध आणायला तुम्हाला बारा मिनिटं लागतात. जिलबी असली की एकोणीस." ती वळली. "गेल्या वर्षी चक्कर येऊन दुकानाच्या पायरीवर पडलात. तेव्हापासून तुम्ही बाहेर गेलात की माझा डोळा घड्याळावर असतो. जीव टांगणीला लागतो माझा."

मी ओशाळलो. टिपणीस हे आडनाव लग्नात मी तिला दिलं. टिपायचं कामही त्याबरोबरच गेलं असावं.

सावनी मात्र ताडकन उठली. "वेळ! पण ते भोक तर मी पहिल्याच वर्षी बुजवलं होतं..." ती लॅपटॉपवर तुटून पडली. "अरे देवा! मागच्या महिन्यात वेग वाढवायला शॉर्टकट मारला मी. चिप किल्ली नुसत्या शून्य-एकांत वाचते; त्यात शून्य आलं की एक गुणाकार गाळला. म्हणजे एक आला की जिलबी, शून्य आलं की नुसतं दूध! प्रणित एकेका पायरीचा वेळ मोजतोय, काकू!"

"मग आता गं?"

"शून्यालाही तेवढंच काम लावायचं. दोन्हींना एकोणीस मिनिटं. वेग दुसरीकडून भरून काढते."

सोमवारी संध्याकाळी फोन आला. प्रणितनं चार तास घाम गाळला, पण किल्ली निघाली नाही. शिष्यवृत्ती वाचली. "काकूला दे ना फोन," सावनी हसत-रडत म्हणाली. प्रकरण कुणाकडे होतं याची मी तिला आठवण करून दिली. "हो रे काका. प्रणित विचारतोय, चार फुटी गणपतीला पीतांबर कुठल्या रंगाचं?"

मीही धडा घेतला. मंगळवारपासून रोज एकोणीस मिनिटं. जिलबी नसेल त्या दिवशीही दाजीच्या बाकावर सात मिनिटं नुसता बसून यायचो. आठवडाभर वृंदा चूप. विज्ञानाचा विजय असो, म्हटलं.

नवव्या दिवशी तिनं चहा पुढे ठेवला. मी निमूट प्यायलो.

"आज खाल्ल्यात जिलब्या."

"अगं, एकोणीसच मिनिटं झाली!"

"झाली की. पण जिलबी खाल्लेल्या दिवशी तुम्ही माझ्या बिनसाखरेच्या चहाला नावं ठेवत नाही."