दगडूतात्यांचं रिकामं इंजिन

दगडूतात्या सोलरच्या प्लेटांकडे कधी पाठ करत नाहीत. विडी पेटवायची तरी तोंड तिकडंच. "बिनडिझेलचं पाणी उपसतंय. यात कायतरी डाव हाय," हे त्यांचं पालुपद.

तात्या आमच्या सहकारी पाणी संस्थेच्या विहिरीवर पंप चालवतात. संशय हा त्यांचा जोडधंदा. चहा दिला की आधी वास घेतात. टँकर आला की खाली वाकून बघतात. इंजिन मात्र सख्ख्या भावासारखं. "ते खातंय, खोकतंय, धूर सोडतंय. त्याचं दुखणं कळतं. ह्या प्लेटांचं काय कळतं बे?"

मी सायकलला पाने-पकडी बांधून गावोगाव इंजिनं दुरुस्त केली, तेव्हा कुठं नांदूरघाटात पंपांचं दुकान टाकलं. दुष्काळात पाणी खोल गेलं, तसं संस्थेनं इंजिन विहिरीच्या कपारीत उतरवलं. धुरानं तिथं माणूस टिकेना. डिझेल परवडेना. मी घसा फोडून सांगितलं, जमिनीतलं तेल जाळून जमिनीतलं पाणी शोधायचे दिवस संपले. ऊन तर आपल्याकडं रग्गड हाय! पंपाच्या किमतीवरून चेअरमनशी कचाकचा भांडलो आणि सोलर पंप बसवला. इंजिन मोडीत द्या म्हटलं, तर तात्या आडवे पडले. ते लिंबाखाली ठेवलं.

मग धारूरकडच्या एका संस्थेची माणसं माझा पंप बघायला आली, तर लिंबाखाली धडधडधड! "सोलर चालतो, तर हे कावून वाजतंय?" म्हणत चहा न घेता उठली. जाताना "बघू पुन्हा" म्हणाली, तेही तोंडदेखलं.

माझं डोकं फिरलं. डिझेलच्या नावावर कुणीतरी संस्थेचे पैसे खात असणार! दुसऱ्या दिवशी न सांगता विहिरीवर गेलो. सोलरचं पाणी पाटात पडत होतं आणि इंजिन नुसतंच धडधडत होतं. पंपाला जोडणारा पट्टासुद्धा चढवलेला नव्हता. वर डिझेल तात्यांच्या पदरचं.

"तात्या, कुणाला फसवताय?"

"तुझ्या काकूला."

तात्यांच्या बायकोची, काकूंची, नजर गेलेली. शेतापलीकडं वस्तीवर त्या एकट्या बसून असतात. इंजिन वाजतंय म्हणजे तात्या धड आहेत, एवढं त्यांना इतकी वर्षं पुरत होतं. सोलर बसला त्या दिवशी आवाज आला नाही. भर उन्हात बांध चाचपडत, हाका मारत त्या विहिरीच्या काठापर्यंत आल्या. "अजून जरा पुढं आली असती, अन्..." तात्यांनी विडी दगडावर चिरडली.

मी भांडायला गेलो होतो. घरी येऊन बैलाची जुनी घुंगरमाळ शोधली आणि पंपाच्या पाइपाच्या तोंडाखाली टांगली. पाणी पडलं की माळ वाजते. काकूंना आवाजाची ओळख करून दिली. तात्यांनी घुंगरू न् घुंगरू तपासलं. "फुकट देतोस? यात कायतरी डाव हाय."

"हायच! धारूरवाल्यांना परत बोलावलंय."

ते आले. इंजिन गप्प, माळ मजेत वाजत होती. मी भाव सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मंदावलं. माळ थांबली. पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. 

पलीकडून काकूंची घाबरी हाक आली, "काय झालं वोऽ?"

तात्या टोपी काढून आभाळाकडं बघत होते. पहिल्यांदाच प्लेटांकडे पाठ करून.

"ढग आलाय गंऽ!" ते ओरडले. "ढग! चांगला काळा हाय!"