बाबलकाकांची न्हीद

बाबलकाकांची दुपारची झोप गोव्यातल्या आमच्या चोपडे गावात घड्याळापेक्षा जास्त मानली जाई. जेवण झालं की ते बलकांवमधल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बाकावर आडवे होत आणि घोरू लागत. घोरणं म्हणजे काय! नदीपलीकडे राहणारी माझी मावशी म्हणायची, "तुमचो बाबल न्हिदलो की आमकां हांगा कळटा." मी त्यांचा सख्खा शेजारी. लहानपणापासून ऐकतोय, पण माझं आश्चर्य काही ओसरलं नाही.

नदीवर पूल झाला, काका फेरीबोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी झोपेची वेळ हलली नाही. दुपारी दारात कुणी आलंच, तर एक डोळा उघडून म्हणत, "संसार चारांक सुरू जातलो." लेकीला बघायला आलेली मंडळी एकदा अडीचलाच टपकली. काका उठले नाहीत. पाहुणे घोरणं ऐकत लाडू खात बसले आणि सोयरीक जमली! व्याही म्हणाले, "बापूस असो निवांत न्हिदता, तें घर बरेंच आसतलें."

मग काकांना हर्निया झाला. मीच त्यांना आणि काकींना गाडीतून इस्पितळात नेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची जाड मान पाहिली, घोरण्याची चौकशी केली आणि सांगितलं, "आधी झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडकत असेल, तर भूल जिवावर बेतू शकते."

काका खदखदून हसले. "शाळेत सगळ्यांत नापास जालों. पूण न्हिदेंत माका कोण नापास करतलो?"

घरची उशी घेऊन ते तपासणीला गेले. डोक्याला मुंडावळ्यांसारख्या तारा बांधून रात्रभर झोपले. निकाल आला. श्वास पुन्हा पुन्हा थांबत होता. काकांचा चेहरा उतरला.

डॉक्टरीणबाईंनी काकींना विचारलं, "घरी कधी लक्षात आलं नाही?"

"येता मगो, बाय. आवाज थांबलो की हांव हालयतां. म्हणून दनपारां हांव न्हिदना, कुशीक बसतां. रातचीय न्हीद तशीच, तुटकी."

"माका सांगलें कित्याक ना?" काका म्हणाले.

"सांगिल्लें जाल्यार तुमी भियान न्हिदूंकच नाशिल्ले."

आम्ही सगळा गाव काकांच्या झोपेचे गोडवे गात होतो. शेजारी कुणी जागं आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला तर काकींकडे मान वर करून पाहवेना.

झोपताना लावायचं श्वासाचं यंत्र मिळालं, घोरणं थांबलं, ऑपरेशन सुखरूप झालं. पुढे एका दुपारी मी घरी असताना वीज गेली; यंत्र बंद, म्हणजे घोरणं ऐकू यायला हवं होतं, पण काकांकडून आवाजच येईना. चप्पल न घालताच धावलो.

काका जागे होते. बाकावर काकी गाढ झोपल्या होत्या आणि काका पेंगुळल्या डोळ्यांनी त्यांना हातपंख्यानं वारा घालत होते.

"हळू. ती न्हिदल्या."

"आणि तुमची न्हीद?"

"माजी जाली न्हिदून. आतां तिची पाळी."

काकी बारीक घोरत होत्या. काका कान लावून ऐकत होते. आवाज जरा थांबला की त्यांच्या हातातला पंखाही थांबायचा.